निवेदन दिल्यावर पुढे काय होते?

वर्षानुवर्षे मागणी केल्यावर कॉलनीतला रस्ता एकदाचा डांबरी होतो. दोन महिने जात नाहीत तोच त्याच रस्त्याच्या मधोमध चारी खोदली जाते, पाइप टाकला जातो, वर मुरूम ढकलून माणसे निघून जातात. जळगावच्या पिंप्राळ्यात किंवा धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. मग कॉलनीतले लोक सह्या गोळा करतात, आयुक्तांना निवेदन देतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पावसाळा उजाडतो तेव्हा चारी जागच्या जागी असते आणि तिच्यात पाणी साचलेले असते.

असे का होते? ‘कोणी ऐकतच नाही’ हे उत्तर सर्वांच्या तोंडी आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण तेवढ्यावर थांबले तर पुढचे निवेदनही त्याच वाटेने जाते. महापालिकेचे काम ज्या रीतीने चालते ती पाहिली की लक्षात येते, की बरीचशी निवेदने तीन कारणांनी वाया जातात. ती चुकीच्या दारी जातात, चुकीच्या महिन्यात जातात किंवा ज्यावरून कोणताही अभियंता अंदाजपत्रक बनवू शकणार नाही अशा भाषेत लिहिलेली असतात. कारभाऱ्यांची इच्छाशक्ती आपल्या हातात नाही. या तीन गोष्टी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातातल्या आहेत.

एका चौकात चार मालक

जळगावचे उदाहरण घेऊ. सुरत-नागपूर महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आणि आताचा ५३, कित्येक वर्षे थेट शहरातून जात राहिला. खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली ही सगळी नावे शहराच्या रोजच्या व्यवहारातली. शाळेत जाणारी मुले, दुचाकीवरचे नोकरदार आणि आंतरराज्य मालवाहतुकीचे ट्रक एकाच पट्ट्यावरून चालले. माणसे मरत राहिली. लोक महापालिकेकडे गेले की उत्तर मिळे, ‘रस्ता आमचा नाही.’ हे उत्तर चीड आणणारे असले तरी कायद्याने खरे होते. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या ताब्यात असतो. त्यावर दुभाजक फोडणे, चौकाची रचना बदलणे किंवा भुयारी मार्ग काढणे महापालिकेच्या अधिकारात येत नाही.

हे ध्यानात आल्यावर जळगावकरांनी मागणीही बदलली आणि दारही बदलले. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना स्थानिक वाहतुकीसाठी समांतर रस्ते हवेत, ही मागणी घेऊन कृती समिती उभी राहिली आणि २०१८ च्या सुमारास तिचे आंदोलन महामार्ग प्राधिकरण व जिल्हा प्रशासनाच्या दारी जाऊन बसले. पुढे शहरातल्या पट्ट्याचे काम झाले. आकाशवाणी आणि इच्छादेवीला वर्तुळाकार चौक आले, प्रभात चौक आणि गुजराल पेट्रोल पंपाजवळ भुयारी मार्ग झाले. त्या कामाच्या दर्जाविषयी आणि समांतर रस्त्यांच्या अपुरेपणाविषयी तक्रारी राहिल्या, त्या रास्तही आहेत. पण मागणी योग्य टेबलावर पोहोचली की ती हलते, एवढे त्यातून दिसले.

शिवाजीनगरचा रेल्वे उड्डाणपूल तर यापुढचा धडा. शंभरी ओलांडलेला ब्रिटिशकालीन पूल २०१९ मध्ये पाडला गेला आणि रुळांपलीकडच्या शिवाजीनगरची माणसे काही वर्षे वळसा घालत राहिली. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, वाटेत येणारे विजेचे खांब महावितरणचे आणि खालचे गल्लीबोळ महापालिकेचे. खांब हलवायचा खर्च कोणी करायचा, पुलाची बाजू कुठे उतरवायची, यावर कागद फिरत राहिले. अशा ठिकाणी एकाच कार्यालयाला दिलेले निवेदन बाकीच्या तिघांना सबब पुरवते. या सर्वांना एका बैठकीत बोलावण्याचा अधिकार ज्याला आहे, तो जिल्हाधिकारी. निवेदन त्यांच्याकडे द्यावे आणि त्यात ‘सर्व संबंधित यंत्रणांची संयुक्त बैठक घ्यावी’ अशी स्पष्ट मागणी असावी.

मालकी कायमची नसते, हेही लक्षात ठेवायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीला बंदी घातली. ती लागू होण्याच्या तोंडावर, मार्च २०१७ अखेर, जळगाव शहरातले सहा रस्ते राज्याच्या यादीतून काढून महापालिकेच्या गळ्यात टाकण्याचा आदेश निघाला. शहरात गदारोळ उडाला, कारण रस्त्यांबरोबर त्यांच्या दुरुस्तीचा खर्चही येणार होता आणि महापालिकेची तिजोरी हुडकोच्या कर्जाने आधीच पिळून निघाली होती. रातोरात एका कागदाने रस्त्याचा मालक बदलू शकतो.

हाच प्रश्न पुन्हा येतो तो वळणरस्त्यामुळे. जळगावसाठी पाळधी ते तरसोद असा शहराबाहेरचा मार्ग आखला गेला. असा वळणरस्ता सुरू झाला की शहरातला जुना महामार्ग सहसा केंद्राच्या यादीतून बाहेर पडतो आणि राज्याकडे किंवा स्थानिक संस्थेकडे येतो. हस्तांतरापूर्वी एकदा पूर्ण दुरुस्ती करून देण्याची पद्धत आहे. ती झाल्याची खात्री करूनच रस्ता ताब्यात घ्या, असे सभागृहाला सांगण्याची वेळ हस्तांतराच्या आधीची असते, नंतरची नाही.

गतिरोधक मागण्याआधी

वाहतुकीविषयीची सर्वांत लोकप्रिय मागणी म्हणजे गतिरोधक. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी ही मागणी होते आणि कधी कधी तिसऱ्या दिवशी रस्त्यावर डांबराचा एक उंच, अरुंद उंचवटा उभा राहतो. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीचे मानक ठरवणारी संस्था. तिच्या मानकानुसार साधा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे जवळजवळ एका मोटारीच्या लांबीएवढा पसरट. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने जाणारे वाहन सहज जाते आणि वेगाने जाणाऱ्याला झटका बसतो. अरुंद उंचवट्यावर नेमके उलटे घडते. हळू जाणाऱ्या रिक्षातल्या गरोदर बाईला हादरा बसतो आणि भरधाव मोटारीची चाके तो टिपून पुढे निघून जातात. शिवाय पुढे सूचनाफलक नसेल, पांढरे पट्टे नसतील तर रात्री दुचाकीस्वार त्यावरच पडतो. म्हणून मागणी करताना ‘मानकाप्रमाणे, फलक आणि पट्ट्यांसह’ हे शब्द लिहावेत. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक न ठेवण्याचे केंद्राचे धोरण असल्याने तिथे ती मागणीच फुकट जाते. तिथे भुयारी मार्ग, पादचारी पूल, वेगमर्यादेचे फलक किंवा चौकाची नवी रचना मागावी लागते.

एकेरी मार्ग, अवजड वाहनांना दिवसा बंदी, ठरावीक वेळेत प्रवेशबंदी, हे महापालिकेच्या ठरावाने होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली शासनाने अधिकार दिलेला अधिकारी तसा आदेश काढतो. जळगाव आणि धुळ्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक हीच ती दारे. बंदी एक महिन्याहून जास्त काळासाठी असेल तर ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. म्हणून प्रायोगिक बंदी सहसा महिनाभराची असते. महिन्याभरात कॉलनीने किती ट्रक आत आले, किती वाजता आले याची नोंद ठेवली तर बंदी कायम करण्यासाठी तो चांगला आधार ठरतो.

धुळ्यासाठी हा विषय फार जवळचा आहे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि धुळे-सोलापूर असे तीन मोठे मार्ग या शहराशी येऊन मिळतात. शहराच्या वाहतुकीत बाहेरच्या वाहतुकीचा वाटा मोठा असतो आणि बाहेरच्या वाहतुकीवर महापालिकेचा काही अधिकार नसतो.

आता ‘ब्लॅक स्पॉट’ या शब्दाविषयी. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरांच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर तो पट्टा अपघातप्रवण ठरतो आणि तिथल्या दुरुस्तीसाठी पैसा मिळण्याची वाट मोकळी होते. ही मोजणी पोलिसांच्या नोंदींवरून होते. आपल्याकडे अपघात झाला की चौकातच ‘जाऊ द्या भाऊ, मिटवून टाका’ म्हणून प्रकरण संपवायची रीत आहे. जखमी माणूस खासगी दवाखान्यात जातो आणि तो अपघात कुठेच मोजला जात नाही. सगळ्या शहराला जो चौक धोक्याचा वाटतो तो सरकारी कागदावर सुरक्षित राहतो. कॉलनीने एकच काम करायचे ठरवले तर मी हे सुचवेन: गंभीर अपघाताची नोंद होईल याची काळजी घ्या आणि त्या नोंदींची यादी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, आणि पोलीस, परिवहन, बांधकाम खाते व महापालिका तिथे एका टेबलाशी बसतात.

घरे आधी, नळ नंतर

धुळ्याच्या जुन्या भागात सरळ रस्ते आणि क्रमांकांच्या गल्ल्या आहेत. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे निवडले आणि पुढच्याच वर्षी नवी पेठ आखून वसवली. आधी रस्ते आखले, मग माणसे आली. आजच्या वाढीत हा क्रम उलटा झाला आहे.

शेताचा तुकडा बिगरशेती होतो, ले-आउट मंजूर होते, प्लॉट विकले जातात. मंजूर नकाशात रस्ते असतात, गटार असते, साधारण दहा टक्के जागा ‘ओपन स्पेस’ म्हणून मोकळी ठेवलेली असते. रस्ते आणि गटारी करून देण्याची जबाबदारी ले-आउट पाडणाऱ्याची. तो त्या पूर्ण करून महापालिकेच्या ताब्यात देतो तेव्हा त्या सार्वजनिक होतात. अनेक कॉलन्यांत हा शेवटचा टप्पा कधी झालेलाच नसतो. रस्ता नकाशात आहे, लोक वापरतात, पण महापालिकेच्या दप्तरी तो हस्तांतरित नाही. तिथे डांबर टाकायचे तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. पत्त्यात ‘शिवार’ लावणाऱ्या कित्येक वसाहतींचे दुखणे इथेच आहे. तेव्हा रस्त्याचे निवेदन लिहिण्यापूर्वी नगररचना विभागातून मंजूर ले-आउटची प्रत घ्यावी आणि रस्ते व ओपन स्पेस हस्तांतरित झाले का, हे पाहावे. ओपन स्पेसवर हळूच काहीतरी उभे राहते तेव्हाही हीच प्रत कामी येते. मंजुरीच नसलेल्या गुंठेवारी प्लॉटांचे प्रकरण वेगळे. त्यांना आधी नियमितीकरणाच्या कायद्यातून जावे लागते.

वाढीचा दुसरा प्रकार म्हणजे हद्दवाढ. जानेवारी २०१८ मध्ये वलवाडी, महिंदळे, अवधान, मोराणे, नकाणे अशी अकरा गावे धुळे महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, सरपंच आणि ग्रामसेवक गेले, सुविधांसाठी जायचे दार बदलले. कर वाढणार ही भीती होतीच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १२९-अ मध्ये अशा नव्या भागात मालमत्ता कर एकदम न वाढवता टप्प्याटप्प्याने वाढवायची तरतूद आहे. सुविधा मात्र किती टप्प्यांत द्यायच्या याचे असे बंधन नाही. माझ्या मते हद्दवाढीच्या कायद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि हद्दवाढीतल्या रहिवाशांनी रस्ते, पाणी व दिव्यांच्या वर्षवार आराखड्याची मागणी त्यामुळेच लावून धरायला हवी.

जळगावची लोकसंख्या १९९१ मध्ये २ लाख ४२ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती ४ लाख ६० हजारांवर गेली. धुळे त्याच वीस वर्षांत पावणेतीन लाखांवरून पावणेचार लाखांवर आले. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पंधराव्या वित्त आयोगानेही अनुदानाचे वाटप २०११ च्या आकड्यांवर केले. गेल्या पंधरा वर्षांत उभ्या राहिलेल्या कॉलन्या त्या हिशेबात नव्हत्याच.

पाण्याचे गणितही इथेच गुंतलेले आहे. केंद्राच्या निकषानुसार भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळायला हवे. जळगावला वाघूर धरणाचा आधार आहे. धुळ्याला तापी, नकाणे तलाव आणि अक्कलपाड्याचा. तरीही धुळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ येण्याचे प्रसंग लोकांनी सोसले. धरणात पाणी असताना नळ कोरडा का? कारण धरणापासून शुद्धीकरण केंद्र, तिथून जलकुंभ आणि जलकुंभापासून गल्ली, अशी साखळी असते. एक जलकुंभ भरला की तो एका भागात रिकामा होतो. मग पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या भागाकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. त्याच जलकुंभावर नव्या कॉलन्या जोडल्या की भाग वाढतात आणि पाळी लांबते. शेवटच्या टोकाला दाब उरत नाही, म्हणून तिथे मोटारी लागतात आणि मोटारी लागल्या की त्यापुढच्याचे पाणी जाते. अशा भागाने ‘रोज पाणी द्या’ एवढेच लिहू नये. ‘आमचा भाग कोणत्या जलकुंभावर आहे, त्याची क्षमता किती, त्यावर नळजोडण्या किती’ हे लेखी विचारावे. उत्तरात बहुधा नव्या जलकुंभाची गरज आपोआप दिसते.

पैशाला पाळी असते

आता सुरुवातीच्या कोड्याकडे: नवा रस्ता लगेच का खोदतात? कारण रस्त्याचा पैसा एका खिशातून येतो आणि पाइपचा दुसऱ्या. डांबरीकरण महापालिकेच्या निधीतून, आमदार-खासदार निधीतून किंवा जिल्हा नियोजन समितीकडून होते. जळगावची जलवाहिनी केंद्राच्या अमृत योजनेतून आली. देवपुरातल्या भुयारी गटारीचे काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या हाती होते. प्रत्येक निधीची मुदत वेगळी, ठेकेदार वेगळा. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून रस्ता आधी उरकला जातो आणि पाइप मागून येतो. खोदलेला रस्ता पूर्ववत करायची रक्कम सहसा पाइपच्या निविदेतच धरलेली असते. म्हणजे चारी बुजवून पक्की करण्याचा पैसा त्या ठेकेदाराने घेतला की नाही, हे विचारता येते. हा प्रश्न निवेदनात आला की उत्तर टाळणे अवघड जाते.

वेळेचेही असेच आहे. महापालिकेचा पैसा पाटाच्या पाण्यासारखा पाळीने येतो. पाणी आपल्या शेतापाशी येते त्या रात्री दारे धरायला हजर नसले तर पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. खानदेशाला हे सांगायला नको. पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे बंधाऱ्यांचे पाणी आपसांत वाटून घेतले. फडात कोणते पीक घ्यायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवले, पाणी सोडायला पाटकरी नेमला, राखणीला जागल्या नेमला.

महापालिकेची पाळी हिवाळ्यात येते. दिवाळीनंतर विभागप्रमुख पुढच्या वर्षाच्या मागण्या लिहू लागतात. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती फेरफार करते, महासभा मंजुरी देते. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होते. जूनमध्ये पाऊस आला की डांबराचे प्लांट बंद होतात आणि काम ऑक्टोबरपर्यंत थांबते. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर आणखी काही आठवडे जातात. खड्डा जुलैत दिसतो, राग जुलैत येतो, निवेदनही जुलैत जाते. त्या महिन्यात महापालिका मुरूम टाकण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. तेच निवेदन नोव्हेंबरमध्ये, खड्ड्यांच्या जुलैतल्या फोटोंसह गेले तर त्याला अंदाजपत्रकात ओळ मिळू शकते.

कागद कसा चालतो

निवेदन आवक विभागात जाते, त्याला क्रमांक पडतो. आयुक्त त्यावर शेरा मारतात, ते शहर अभियंत्याकडे आणि तिथून प्रभागाच्या कनिष्ठ अभियंत्याकडे पोहोचते. इथे बहुतेक कागद थांबतात. ‘आमच्या परिसरात मूलभूत सुविधा उपलब्ध करून द्याव्यात’ या वाक्यावरून त्याने कशाचे मोजमाप घ्यायचे? उलट ‘अमुक गट क्रमांकातील मंजूर ले-आउटचा ९ मीटर रुंदीचा रस्ता, मारुती मंदिरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, लांबी अंदाजे २०० मीटर, पाइप टाकून झाला आहे, गटार उजव्या बाजूस नाही’ असे लिहिले तर तो जागेवर येऊन फीत लावू शकतो. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश असे टप्पे येतात. पुढच्या प्रत्येक भेटीत फाइल कोणत्या टप्प्यावर आहे, हेच विचारावे. ‘काम कधी होणार’ या प्रश्नाला आश्वासन मिळते, टप्प्याच्या प्रश्नाला तारीख मिळते.

काम सुरू असतानाही रहिवाशांना अधिकार आहेत. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये केवळ कागदाची प्रत नाही, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिलेला आहे. मोजमाप पुस्तिका आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, या दोन्हींची माहिती प्रत्येक नव्या रस्त्याबाबत मागून ठेवावी. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी खड्ड्यांची यादी दिली तर तो खर्च महापालिकेवर, म्हणजे आपल्यावर, पडत नाही.

┃ चौकट: कोणाच्या दारी?
┃ कॉलनीतला रस्ता, गटार, कचरा, पथदिवे, नळ: महापालिकेचे प्रभाग कार्यालय, प्रत शहर अभियंत्याला.
┃ राज्यमार्ग: सार्वजनिक बांधकाम विभाग. राष्ट्रीय महामार्ग: महामार्ग प्राधिकरण किंवा बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग.
┃ एकेरी मार्ग, अवजड वाहनबंदी: पोलीस अधीक्षक व जिल्हाधिकारी.
┃ धोकादायक चौक: जिल्हा रस्ता सुरक्षा समिती.
┃ ओपन स्पेस, विकास आराखड्यातले आरक्षण: नगररचना विभाग.
┃ उत्तरच मिळत नसेल तर: महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन.

बोलायची हक्काची जागा

वरचे सगळे उपाय अर्ज करणाऱ्याचे आहेत. कायद्याने रहिवाशाला याहून मोठी जागा दिली आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. जळगाव आणि धुळे दोन्ही त्यात बसतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार या समितीला पाणी, गटार, स्वच्छता यांच्या सामायिक तक्रारी सोडवायच्या असतात, आपल्या भागाच्या खर्चाविषयी शिफारशी करायच्या असतात, आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना ती स्वतः मंजुरी देऊ शकते. नगरसेवकांखेरीज स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी तिच्यावर नेमता येतात. गल्लीतली गटार किंवा पथदिव्यांची एक रांग या रकमेत बसते. तरी ही जागा आपल्या शहरांत फार थोड्यांना माहीत आहे.

त्याखालची पायरी म्हणजे क्षेत्र सभा. २००९ मध्ये कायद्यात तिची भर पडली. दोन ते पाच मतदान केंद्रांचा एक भाग, त्यातले सगळे मतदार सभासद आणि नगरसेवक अध्यक्ष, अशी ही शहरातली ग्रामसभा. कोणते काम आधी व्हावे, दिवे कुठे लावावेत, हे लोकांनी ठरवून पुढे पाठवावे, ही कल्पना. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो. तोच माणूस हद्दवाढीत शहरात आला की त्याची ही जागा हिरावली जाते आणि तिच्या बदल्यात त्याला निवेदन देण्याची परवानगी मिळते. वलवाडी किंवा महिंदळ्यात हे नुकसान ताजे आहे. शहराच्या लोकशाहीतली ही गंभीर त्रुटी आहे आणि ती भरून काढायला नवा कायदा लागत नाही, असलेला पाळला तरी पुरे.

शहराच्या पुढच्या वीस वर्षांविषयी बोलायची संधी विकास आराखड्यात मिळते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी तीस दिवस असतात, आणि नियोजन समिती हरकतदारांना बोलावून ऐकते. आपल्या कॉलनीतून किती मीटरचा रस्ता जाणार, शाळेचे आरक्षण कुठे आहे, हे त्या तीस दिवसांत पाहिले नाही तर पुढे घरावर लाल रेघ आल्यावरच कळते.

सगळी दारे बंद झाली तर काय, याचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशातल्या रतलामने दिले आहे. तिथल्या एका वस्तीतल्या रहिवाशांनी उघड्या गटारींविरुद्ध फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की पैसा नाही ही सबब नगरपालिकेला तिच्या मूळ कर्तव्यातून सोडवू शकत नाही. ती तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. खड्ड्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले आणि खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

२०२३ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात महासभा नव्हती, स्थायी समिती नव्हती, विचारायला नगरसेवक नव्हता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले आणि ही सगळी दारे पुन्हा उघडली. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांना एक पत्र लिहा. पहिली क्षेत्र सभा कोणत्या तारखेला घेणार आणि प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी कोण असणार, एवढेच त्यात विचारा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि उत्तर लेखी मागा.